राहिलेली दोनशे अठ्ठावीस पानं

"श्वास कुठी घेते? अल्पविराम दिसत नाही काय तुले?" उत्तमराव मास्तर खाटेवरून खेकसले. दीपमाला थांबली आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली. वाक्य अर्ध्या पानाचं होतं.

आठशे चाळीस पानांची ही कादंबरी मास्तरांनी उमेदीत तीनदा धरली आणि तीनदा शंभरीच्या आत सोडली. पिंपळगाव राजा या गावच्या शाळेत मात्र ती पूर्ण वाचल्याच्या बाता तेहतीस वर्षं मारल्या. आता नजर गेल्यावर ती संपवूनच मरायचा हट्ट होता. डोळे अर्थात नववी शिकलेल्या सुनेचे. पहिली दोनशे पानं तिला शिक्षाच वाटली. मग गोष्टीतली टाकलेली बाई नदीकाठाने माहेर शोधत निघाली, आणि दीपमाला भाकरी थापतानाही तिच्यासोबत चालू लागली. अकरा वर्षांत या घरात तिला स्वतःची वाटलेली ही पहिलीच गोष्ट.

गुरुवारी मास्तरांचे जुने सहकारी उकंडराव आले. "मास्तर, या कादंबरीत मी सहाशे पानावर अडकलो होतो. ते बाई माहेरच्या दारातून मांगं काऊन फिरते, मले समजलंच नाही."

मास्तर खाकरले. "पूर आला न नदीले."

"पूर नाही, मामाजी," चहा देता देता दीपमाला बोलून गेली. "भावानं तिले पाहून आतून कडी लावली. पूर तं तिनं लोकायले सांगितला."

उकंडरावांनी मांडीवर थाप मारली. "मास्तर, खरी मास्तरीण तं हे निघाली!"

मास्तरही हसले. दीपमालाला वाटलं, शाबासकी मिळाली. वेडीच ती.

संध्याकाळी मास्तरांनी मुलाला हाक मारली. "दीपक, उद्या हे पुस्तक खामगावच्या वाचनालयात देऊन ये. माहं खातंबी बंद कर."

"संपलं काय, बाबा?"

"सोडलं. पुस्तकात दम नसला तं सोडाची अक्कल पाह्यजे माणसाले."

"मामाजी, दोनशे अठ्ठावीस पानं राह्यले फक्त," दीपमालाने पुस्तक जवळ ओढलं. "काम आटपून मी एकटी वाचतो."

"तुले काय करा लागते वाचून?"

सकाळी दीपक पुस्तक घेऊन गेला. दुपारी वाचनाच्या वेळी मास्तरांनी तिच्यापुढे पेपर सरकवला. तिने घडी उलगडली, पण वाचेना.

"मामाजी, ते बाई पुढं कुठी गेली असंन?"

"मेली असंन. सोयाबीनचा भाव सांग."

दीपमालाने सोयाबीनचा भाव सांगितला. मग तुरीचा, मग हरभऱ्याचा. आज मास्तरांना तिच्या वाचनात एकही चूक सापडली नाही.