भरल्या पोटाचा उपास

मित्रांनो, मी मलावी सरोवराच्या खडकांत जन्मलेला एक निळा मासा आहे. आता मी थकलो आहे आणि एलेनाशी नावाच्या बाईच्या घरी, काचेच्या टाकीत राहतो.

खडकावरचे शेवाळ खरवडून खाणे, हेच आमच्या जातीचे जगणे. त्यासाठी आमचे आतडे अंगापेक्षा कितीतरी लांब असते. एलेनाशीचा नवरा लायफोर्ड पाणबुड्या होता. परदेशी पाठवायचे मासे तो पकडत असे. माझा पर फाटका निघाला म्हणून व्यापाऱ्याने मला नाकारले. तेव्हा लायफोर्डने मला आणि अशाच दोन नाकारलेल्या माशांना घरी आणले. शेवाळलेले दगड आणून तो आमच्यापुढे ठेवी.

"दगड चाटून पोट भरतं का कुणाचं?" एलेनाशी हसून विचारी.

"यांचं भरतं. तुझ्यासारखी खादाड जात नाही ही," तो म्हणे.

शेजारीपाजारी आमचा रंग पाहायला येत. फार सुखाचे दिवस होते ते.

मग एकदा लायफोर्ड खोल पाण्यात उतरला, तो जिवंत वर आलाच नाही.

रडणेभेकणे झाले, माणसे आली नि गेली. एलेनाशी आमच्यासमोर येऊन बसली. सरोवराकडे ती ढुंकूनही पाहीना. घरात होते नव्हते ते आम्हाला घालू लागली. वाळवलेल्या बारीक माशांचा चुरा, अंड्याचा बलक, मटणाचा खिमा. "खा रे बाबांनो. तुम्ही तरी जगा," ती म्हणे. आम्ही अधाशासारखे खाल्ले. समोर आलेले मासा कधी सोडत नाही.

आधी माझी सोबतीण पिवळी आजारी पडली. घास तोंडात घेई आणि थुंकून टाकी. पोट भोपळ्यासारखे फुगले, विष्ठा पांढऱ्या दोऱ्यासारखी लोंबू लागली. ती कोपऱ्यात धापा टाकत पडून राहिली. एलेनाशीला वाटले, ही उपासमारीने खंगते आहे. तिने आणखी चुरा टाकला. पिवळी मेली.

मला ओरडावेसे वाटले, पण माशाला आवाज कुठला? मी काचेवर शेपटी आपटली. एलेनाशीला वाटले, मला भूक लागली. तिने माझ्यापुढे आणखी एक चिमूट टाकली.

दुसरा सोबतीही गेला. माझेही पोट ताठ झाले होते. त्याच दिवशी एलेनाशीची लेक म्वांदिदा सासरहून आली. ती मासे चिरून, वाळवून विकत असे. आईच्या हातातला मेलेला मासा तिने घेतला आणि सुरीने चिरला.

"अमायी, हा उपाशी नव्हता. आतडं बघ, फाटायला आलंय. शेवाळ खाणाऱ्याला मांस पचत नाही; तू घातलेलं सगळं तसंच आहे आत."

"पोटभर घालत होते गं मी."

"तेच तर."

एलेनाशी म्हणाली, "म्हणजे मीच मारलं. ह्याला तरी सोडून ये पाण्यात."

"असल्या पोटानं तिथं कसा जगेल हा? कुणीतरी गिळून टाकेल. इथंच राहू दे. आतडं मोकळं होईपर्यंत खायला काही घालू नकोस. ताजं पाणी मात्र आणत जा."

"काहीच घालू नको? मग मी करू तरी काय?"

म्वांदिदाने आईचा हात धरला आणि बादली उचलली.

ज्या पाण्याने नवरा नेला, त्यात एलेनाशी गुडघाभर उतरली. बादली भरून घरी आली आणि ते पाणी तिने टाकीत ओतले. तेव्हापासून ती रोज जाते. मी तळाशी पडून असतो. तिचा हात चुऱ्याच्या डब्याकडे जातो आणि माघारी येतो. माझी सूज अजून पुरती उतरलेली नाही. मी वाचेन की नाही, मला ठाऊक नाही.

मित्रांनो, ज्याला जीव लावाल, त्याला काय पचते ते आधी पाहा. घास घालणे सोपे असते. काल एलेनाशी काचेला कपाळ टेकून मला म्हणाली, "आजही काही दिलं नाही हं तुला." आणि दोन्ही हात घट्ट मांडीखाली दाबून ती तशीच बसून राहिली.