उघडलेलं खोकं

वहिनींच्या लाँड्रीत दोन धुलाई यंत्रं, एक ड्रायर आणि वाफेची इस्त्री होती. या चौघांच्या आवाजात वीस वर्षं बोलून त्यांचा गळा चांगला तयार झाला होता. पण पाचवं यंत्र आलं आणि त्यांनाही गिऱ्हाइकाशी हातवारे करून बोलायची वेळ आली.

पाचवं यंत्र आणलं त्यांच्या यजमानांनी. तीस वर्षं वाचनालयात ग्रंथपाल म्हणून काढून ते निवृत्त झाले होते. पहिले दोन महिने त्यांनी घरातली पुस्तकं लावली, मग पुन्हा वेगळ्या पद्धतीने लावली. तिसऱ्या महिन्यात कुठूनसं क्रिप्टो त्यांच्या डोक्यात शिरलं.

"हे यंत्र दिवसभर गणितं सोडवतं," जेवताना ते समजावून सांगत होते, "आणि त्याबद्दल आपल्याला नाणं मिळतं."

"कोण देतं?"

"कोणी देत नाही. मिळतं."

"मग गणितं कोणाची?"

"कोणाचीच नाहीत."

वहिनींनी पोळीचा घास तसाच हातात धरला. गिऱ्हाईक नाही, काम कोणाचं ते माहीत नाही, तरी मजुरी मिळते, असा धंदा त्यांनी आजवर ऐकला नव्हता. पण यजमानांनी आयुष्यात कधी हट्ट म्हणून केला नव्हता. शिवाय लाँड्रीत जाड वायरिंग होतंच, तेव्हा "आपल्यासाठीच केलंय जणू" हे त्यांचं म्हणणं अगदीच खोडून काढता येईना. निवृत्तीच्या पैशांचा बरा मोठा लचका तोडून त्यांनी यंत्र मागवलं. गावातच त्या कंपनीचं ऑफिस होतं, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी टेम्पोतून खोकं आलं.

ते चालू करायला चार दिवस लागले. यंत्राला ना पडदा, ना बटणं. कॉम्प्युटरवर एक सॉफ्टवेअर घालायचं, ते यंत्राला शोधून काढणार, मग त्याला काय ते सांगायचं. पण सॉफ्टवेअर उतरवलं रे उतरवलं की कॉम्प्युटरचा अँटिव्हायरस त्याला चोर समजून पुसून टाकायचा. यजमानांनी कंपनीला फोन लावला. अर्धा तास संगीत ऐकल्यावर उत्तर मिळालं, अँटिव्हायरस बंद करा. तो बंद केल्यावर सॉफ्टवेअर राहिलं खरं, पण त्यासोबत पडद्यावर वजन कमी करण्याच्या जाहिराती आल्या आणि त्या जाईनात. मग यंत्र सापडलं, तर त्याने पासवर्ड मागितला. पासवर्ड पुस्तिकेत आहे म्हणे. पुस्तिका कुठल्या भाषेतून कुठल्या भाषेत केली होती देव जाणे. तिच्यात पहिलंच वाक्य होतं, "यंत्राला आनंदी जागी ठेवावे."

"मग इथून हलवा," वहिनी म्हणाल्या. "इथे कोणी आनंदी नाही."

शेवटी पासवर्ड सापडला. एकट्या यंत्राला नाणं मिळायला जन्म जाईल, म्हणून हजारो लोक आपापली यंत्रं एका गटाला जोडतात आणि मिळेल ते वाटून घेतात, हेही यजमानांनी वाचून काढलं. गटाचा पत्ता आणि ज्या नावावर कमाई जमा व्हायची ते आपल्या यंत्राचं नाव एका पानावर भरायचं होतं. त्यांनी 'लाँड्री१' असं नाव भरलं आणि पुस्तिकेप्रमाणे यंत्र एकदा बंद करून चालू केलं. हिरवा दिवा लागला. ओळीत टांगलेले कोट गरम वाऱ्याने हलू लागले आणि यंत्राने जो टाहो फोडला तो तीन आठवडे थांबला नाही.

तीन आठवड्यांनी गटाच्या हिशोबात 'लाँड्री१'च्या नावापुढे शून्य होतं. विजेचं बिल मात्र दुप्पट आलं.

मग पत्रव्यवहार सुरू झाला. यजमानांचा पत्रव्यवहारावर मोठा विश्वास. त्यांनी मुद्देसूद दोन पानं लिहिली. उत्तर आलं, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. यंत्र एकदा बंद करून चालू करावे." त्यांनी केलं आणि तसं कळवलं. उत्तर आलं, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." पुढे पुन्हा तेच. सहाव्या पत्रात त्यांनी यंत्र परत घ्या, पैसे द्या म्हणून लिहिलं, तेव्हा कंपनीला पहिल्यांदाच नवं काही सुचलं. अटींच्या चौदाव्या कलमाप्रमाणे उघडलेल्या खोक्यातला माल परत घेतला जात नाही.

"खोकं न उघडता आत काय बिघडलंय ते कळणार कसं?" वहिनींनी विचारलं.

"तेच मी त्यांना लिहिलंय."

"मग?"

"गैरसोयीबद्दल दिलगीर आहेत."

वहिनींनी हातातला शर्ट खाली ठेवला. "सरका जरा. मला बघू द्या."

त्यांना कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नव्हतं. पण फाटलेला, डागाळलेला कपडा समोर आला की तो आधी उलटा करून बघायचा, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी यजमानांना यंत्राची सगळी पानं एकेक करून उघडायला लावली. हे काय, ते काय, विचारत गेल्या. तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

"हे 'सावकाश०२' कोण?"

यजमानांनी चष्मा वर केला, खाली केला. "इथे मी 'लाँड्री१' लिहिलं होतं."

त्यांनी पुन्हा लिहिलं. नाव बदललं. यंत्र बंद करून चालू केलं, आणि 'सावकाश०२' पुन्हा हजर. चार वेळा केलं, चारही वेळा तेच. म्हणजे अगदी पहिल्या दिवसापासून ज्या ज्या वेळी यंत्र बंद-चालू केलं, त्या त्या वेळी ते गुपचूप आपल्या जुन्या नावावर जात होतं. दिवा हिरवा, पंखे सुसाट, वीज वहिनींची, आणि कमाई कुणा भलत्याची.

लाँड्रीत आलेल्या प्रत्येक कपड्याला कॉलरच्या आत दोऱ्याची खूण घालतात. दुसऱ्याची खूण दिसली की कपडा दुसऱ्याचा, यात वहिनींनी कधी वाद घातला नव्हता.

"अहो," त्या म्हणाल्या, "हे वापरलेलं यंत्र आहे. आपल्याला नवं म्हणून गळ्यात मारलंय."

यजमान खुर्चीत मागे टेकले. अटी न वाचल्याबद्दल त्यांना स्वतःचा राग आला होता, आणि तो ते कुणाला सांगतही नव्हते. ग्रंथपाल माणूस, औषधाच्या डबीवरची बारीक अक्षरंसुद्धा वाचणारा.

'सावकाश' हे नाव वहिनींनी कुठेतरी पाहिलं होतं. इस्त्री करता करता दुपारी त्यांना आठवलं. सिग्नलला नेहमी सगळ्यांच्या शिव्या खात उभी असणारी ती पांढरी गाडी! टपावर पाटी, 'सावकाश मोटार ट्रेनिंग'.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तिथे जाऊन धडकल्या. एका खोलीत फळा, वाहतुकीच्या खुणांचे तक्ते आणि सहा खुर्च्या. गाडी शिकवणारे मास्तर साठीचे, सडसडीत, बोलण्याआधी दोन श्वास घेणारे.

"हो," ते म्हणाले, "दोन घेतली होती. पहिलं जळालं. दुसऱ्याचा आवाज फार. इथे थिअरीचा वर्ग असतो ना, शिकणाऱ्यांना काही ऐकू येईना. उघडलेलं खोकंही तेव्हा आठवड्याच्या आत परत घेत असत, म्हणून घेतलं त्यांनी. पैसे प्रोसेसमध्ये आहेत."

"कधीपासून?"

"आठ महिने."

"आठ महिने! आणि तुम्ही काय करताय?"

"दर महिन्याला फोन करतो. नीट बोलतात हो ते."

वहिनींनी समोरच्या टेबलाची कडा घट्ट धरली. मास्तरांनी कपाटातून फाइल काढली. त्यात यंत्र परत केल्याची कंपनीच्या शिक्क्याची पावती होती. वहिनींनी पिशवीतून आपली पावती काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. यंत्राचा नंबर एकच, शेवटच्या आकड्यापर्यंत.

मास्तरांनी मग फोन काढला. पासवर्ड आठवायला त्यांना दहा मिनिटं लागली. क्रिप्टोचं पाकीट उघडलं तर त्यात गेल्या कित्येक आठवड्यांची कमाई रोज थोडी थोडी येऊन पडलेली. ते लाल झाले. "मी हे उघडलंच नव्हतं. खरंच. हे तुमचं आहे, आत्ता पाठवतो."

"ते नंतर बघू," वहिनी म्हणाल्या. "आधी गाडी काढा."

कंपनीच्या ऑफिसात टोकन घेऊन बसायचं होतं. त्यांचा नंबर सत्तेचाळीस, आणि पडद्यावर एकोणीस चालू होता. आठही खिडक्यांवर दिवे, पण माणूस एकाच खिडकीत. भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचं मोठं चित्र होतं. मास्तर शांतपणे चित्र बघत बसले. वहिनींनी दोनदा जाऊन टोकनचं यंत्र बिघडलं आहे का ते विचारलं.

दोन तासांनी खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले आणि पहिलंच वाक्य म्हटलं, "खोकं उघडलेलं आहे."

"हो. पहिल्यांदा यांनी उघडलं," वहिनींनी मास्तरांकडे बोट दाखवलं. "मग तुम्ही चिकटवलं. मग मी उघडलं. आता कोणत्या उघडण्याबद्दल बोलायचं?"

बाई उठून आत गेल्या आणि मॅनेजर बाहेर आले. गळ्यात ओळखपत्र, आवाज मऊ. त्यांनी दोन्ही पावत्या उजेडात धरून पाहिल्या.

"नंबर छापताना चूक होऊ शकते, मॅडम."

"आणि यंत्राच्या आत यांच्या मोटार स्कूलचं नाव आहे, तीही छपाईची चूक?"

"सॉफ्टवेअरमध्ये काहीही येऊ शकतं."

"साहेब, दर वेळी यांचंच येतं."

मॅनेजर हसले. "तुमचा व्यवसाय काय, मॅडम?"

"लाँड्री."

"मग तुमच्या पावतीच्या मागेही अटी असतीलच. डागांना जबाबदार नाही, बटणांना जबाबदार नाही."

 वहिनींना एक करडा कोट आठवला. बाहीची शिवण ड्रायरमध्ये उसवली असावी, असं त्यांना तेव्हाही वाटलं होतं. तरी त्यांनी पावती उलटी करून त्या माणसाच्या हातात दिली होती, आणि तो कोट घेऊन निघून गेला होता. पुन्हा कधी आला नव्हता.

"असतात," त्या म्हणाल्या. आवाज जरा खाली आला होता. "आणि त्यांच्याआड मी लपलेसुद्धा आहे. पण एकाचा कोट इस्त्री करून दुसऱ्याला नवा म्हणून विकला नाही कधी. ते तुम्ही केलंय. लेखी द्या, नाहीतर या खुर्चीतून मी उठत नाही. माझ्या मागे अठ्ठेचाळीस नंबर उभा आहे, त्यालाही सांगते सगळं, आणि माझा आवाज धुलाई यंत्राच्या वर जातो."

अठ्ठेचाळीस नंबरचा माणूस हातातलं खोकं सांभाळत एक पाऊल पुढे आला होताच. मॅनेजरांनी त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या मागच्या रांगेकडे पाहिलं आणि कागद घेऊन आत गेले. वीस मिनिटांनी शिक्क्याचं पत्र आलं. वाहतुकीचा खर्च वजा जाता पूर्ण रक्कम नऊ दिवसांत.

"आणि यांचं?" वहिनींनी मास्तरांना पुढे केलं.

"त्यांचं प्रकरण वेगळ्या विभागाकडे आहे. ते साहेब फक्त गुरुवारी येतात."

"काही हरकत नाही," मास्तर म्हणाले. "मी थांबतो."

"थांबू नका!" वहिनी इतक्या जोरात ओरडल्या की आतले दोघं दारात आले. "थांबण्यापलीकडे आठ महिन्यांत दुसरं काय केलंत तुम्ही?"

पण त्या दिवशी पुढे काही हललं नाही. वहिनींचे पैसे नवव्या नाही तरी तेराव्या दिवशी आले. टेम्पो येऊन यंत्र घेऊन गेला. लाँड्रीत एकाएकी इतकं शांत झालं की गिऱ्हाइकांना दुकान बंद आहे असं वाटलं. यजमानांनी पैसे बँकेत ठेवले आणि दोन दिवस पुन्हा घरातली पुस्तकं लावली. तिसऱ्या दिवशी वहिनींनी लाँड्रीच्या पावतीचा नमुना त्यांच्यापुढे टाकला. "या मागच्या अटी नीट लिहून द्या. माणसाला वाचता येतील अशा. आणि आपली चूक असेल तर भरून देऊ, असंही लिहा." ते लगेच पेन घेऊन बसले.

गुरुवारी वहिनी मास्तरांच्या गाडीत जाऊन बसल्या. तसं पाहिलं तर त्यांचं काम झालं होतं. पण हा माणूस एकटा गेला तर "बरं" म्हणून परत येईल, हे त्यांना डोळ्यांपुढे दिसत होतं. पहिल्या गुरुवारी साहेब रजेवर. दुसऱ्या गुरुवारी साहेब होते, फाइल नव्हती. तिसऱ्या गुरुवारी फाइल सापडली, तिच्यावर मास्तरांच्या जागी वहिनींचंच नाव पडलेलं, आणि रक्कम दिली गेल्याची नोंद. त्या दिवशी वहिनी काय काय बोलल्या ते मास्तरांनी घरी कुणाला सांगितलं नाही. चौथ्या गुरुवारी साहेबांनी त्यांना दारातच पाहिलं आणि टोकन घ्यायच्या आधी आत बोलावून सही केली.

बाहेर पडताना खिडकीतल्या बाईंनी एक छापील कागद पुढे केला. सेवा कशी वाटली, एक ते पाच. मास्तरांनी दोन श्वास घेतले, खिशातून पेन काढलं आणि पाचावर गोल केला.

वहिनी त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"नीट बोलतात हो ते," मास्तर म्हणाले आणि गाडीची किल्ली शोधू लागले.