परत आलेलं काम

निबंधाची कच्ची प्रत बाईंनी परत दिली, तेव्हा पहिल्या वर्षाच्या धाकटीने ती एकदाच उलटसुलट पाहिली, घडी घातली आणि होस्टेलवर येऊन सरळ गाशा गुंडाळायला घेतला. पानापानावर तांबड्या शाईचे शेरे होते. ते वाचायचे असतात हे तिला कोण सांगणार? कॉलेजची पायरी चढलेलं तिच्या घरात दुसरं कुणी नव्हतं.

तिचे बाबा फर्निचरला पॉलिश करत. अर्धवट काम चादरीखाली झाकून ठेवायचं, गिऱ्हाइकाच्या नजरेला पडू द्यायचं नाही, ही घरची रीत. आणि पोचवलेलं काम परत आलं तर खेळ खलास. मजुरी बुडाली, गिऱ्हाईक तुटलं, वर ब्र काढायचा नाही. लहानपणी एक कपाट असं परत आलेलं तिने पाहिलं होतं. बाबा कितीतरी दिवस त्याच्याकडे पाठ करून जेवायचे.

आता शाळेत कायम पहिली येणाऱ्या मुलीने एवढं तरी कुणाला विचारावं की नाही! पण विचारलेलं चालतं, हेच मुळी तिला ठाऊक नव्हतं.

तिला वाईट वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. कपडे, पुस्तकं, चपला बॅगेत गेल्या. डोळ्यांत टिपूस नाही. खाली येऊन तिने वॉर्डनबाईंच्या टेबलावर खोलीची किल्ली ठेवली.

नव्या मुलींना अभ्यासात मदत करणारी, शेवटच्या वर्षाची ताई तिथेच उभी होती.

"कुठे निघालीस गं?"

"घरी. माझं काम परत आलं."

"कसलं काम?"

धाकटीने घडी पुढे केली. ताईने पानं चाळली आणि कपाळावर हात मारला.

"अगं शहाणे, ही कच्ची प्रत आहे! दुरुस्त करून उद्या पक्की द्यायची. मार्क त्याचे."

"पण सगळं तांबडं केलंय."

"म्हणजे बाईंनी शेवटपर्यंत वाचलंय. हे बघ, 'इथे उदाहरण हवं.' 'हा मुद्दा आधी घ्या.' उद्या नाही दिलंस तर मात्र नापास. मग जा खुशाल घरी."

वॉर्डनबाईंनी किल्ली परत पुढे सरकवली. असल्या किल्ल्या त्यांनी बऱ्याच पाहिल्या असणार.

खोलीत ताई शेजारी बसली आणि एकेका शेऱ्यावर बोट ठेवत समजावू लागली. धाकटी लिहीत होती. हात चालत होता, मन मात्र ढिम्म. तेवढ्यात बाबांचा फोन आला.

"जेवलीस का?"

"बाबा, माझं काम परत आलं."

बाबांनी हळूच विचारलं, "आता गं?"

"नीट करून पुन्हा द्यायचंय. इथे तसंच करतात म्हणे."

"पुन्हा घेतात?"

"हो, घेतात."

बराच वेळ फोनवर लाकूड घासल्याचा आवाज तेवढा येत राहिला. मग तोही थांबला.

"आम्हाला नाही कधी कुणी पुन्हा करू दिलं," बाबा म्हणाले. "त्या कपाटाचा एक कोपराच तर राहिला होता."

धाकटीने बरं म्हटलं, फोन ठेवला, पुढचा शेरा वाचायला घेतला, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.