लेपबाबाचं मौन

गंगापूर रोडवरच्या त्या पत्र्याच्या शेडात दर अमावस्येला मुंगी शिरायला जागा नसायची. लेपबाबा चांदीच्या डबीतला पिवळा लेप बायकांच्या पदराआड, गालाच्या आतून फासायचा आणि गरजायचा, "भरा चूळ! देवीनं धरलंय, पाण्याच्या बापाला सुटणार नाय!" बायका चूळ भरायच्या. लेप खरंच सुटायचा नाही, ठणकाही घटकेत गायब. लगेच हुकूम, "आता मौन! बोललात तर देवी निघून जाईल."

माझी थोरली बहीण सारजाबाई त्याची पक्की भक्त. मशेरीनं गालात जखम झालेली, तिच्यावर वर्षभर हा लेप. सासऱ्या-दिरांपुढं कायम तोंडावर पदर, त्यामुळं आतली जखम कुणी पाहिलीच नाही. मी दातांची डॉक्टर, दवाखाना गारखेड्यात. मलाही म्हणायची, "दुखतच नाय, तर दाखवू कशाला?" घास जाईना तेव्हा आली. मी तोंडात बॅटरी मारली आणि लगेच जखमेचा तुकडा तपासायला पाठवला. तपासणीत कॅन्सर निघाला, जबडा कापावा लागणार होता.

"महाराजांच्या कौलाबिगर कापू देणार नाय," ती म्हणाली.

घरी लावायला दिलेली लेपाची डबी तिच्या पिशवीत होती. मी थोडा लेप जिभेवर ठेवला. जीभ बधिर! दात काढताना आम्ही लावतो तेच भुलीचं जेल, वर हळद. म्हटलं, थांब मेल्या, आता तुझी खैर नाही.

अमावस्येला सारजाबाईला आणि तिच्या दिरांना घेऊन मी सरळ त्याच्यापुढं उभी राहिले.

"महाराज, हिचं ऑपरेशन करू?"

"देवीवर हत्यार चालवतीस?"

"नाही चालवत. पण आधी तुमच्याही जिभेवर देवी बसू द्या. आणि मौन नको, आरती म्हणा."

"मला काय धाड भरलीय? मी निरोगी हाय."

पुढं दुखरी दाढ धरून बसलेले पुंजाराम म्हातारबा म्हणाले, "परसादाला नाय म्हंता व्हय, महाराज?" गर्दी कुजबुजायला लागली. बाबानं नाइलाजानं जीभ काढली. मी त्याचीच चांदीची डबी घेतली आणि बोटभर लेप जिभेच्या बुडापर्यंत चोळला. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

"म्हणा आता!"

"ज... जऽ थेऽई..." लाळ दाढीवर ओघळली. पोरंसोरं खिदळायला लागली.

मी पर्समधून दवाखान्यातली ट्यूब काढून पुंजाराम यांच्या दुखऱ्या दाढेला लावली. त्यांनी चूळ भरली. जेल जागच्या जागी, दाढ गप्प.

"माझ्या अंगात देवी आली का?" मी ओरडले. "हे जेल तोंडातल्या ओल्या त्वचेला घट्ट धरतं आणि औषध आत मुरवतं. त्यानं ठणका मरतो, रोग मरत नाही. जीभ जड पडते म्हणून मौन. ह्या हलकटानं माझ्या बहिणीचं वर्ष खाल्लं!"

तेवढ्यात सारजाबाई उठली. दिरांच्या देखत तिनं पदर खाली घेतला आणि उघडेल तेवढं तोंड उघडून रांगेतल्या बायकांना दाखवलं. शेजारच्या दगडाबाईनं आपल्या गालातला लेप पदरानं खसाखसा पुसला.

"बघा गं," सारजाबाई अडखळत म्हणाली, "दुखंना म्हणून म्या खूश व्हते."

बाबावर गुन्हा दाखल झाला. सारजाबाईचा अर्धा जबडा गेला, जीव वाचला. बाबा तुरुंगात सडला तरी माझा राग शमायचा नाही. पण तोंडातली जखम भरत नसेल तर ती दुखो न दुखो, पदर बाजूला करा आणि आजच डॉक्टरला दाखवा.