फाटकाच्या दोन्ही बाजूंना

बंगल्याच्या फाटकाला दोन खोल्या होत्या, डावीकडे एक, उजवीकडे एक, आणि मधून गाड्यांचा रस्ता. बांधणाऱ्या मालकाला दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्या होत्या. पाहुण्यावर छाप पडावी आणि अनोळखी माणूस तिथंच अडावा, हा सगळा खटाटोप. चौकीदाराचा संसार मात्र रस्त्यानं दुभंगला: चूल इकडे, अंथरूण तिकडे.

आता बंगल्यात रुग्णालय होतं. खोल्यांत अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, त्याची बायको आणि आई राहत. सासूबाई चुलीच्या खोलीत, सून समोर. दोघींचं पटायचं नाही. ताट घेऊन रस्ता ओलांडताना हॉर्न वाजला की सासूबाई ताट झाकून थांबत आणि थंड झालेल्या आमटीचं खापर सुनेवर फोडत.

औषधांचे मालट्रक आत यावेत म्हणून रस्ता रुंद करायचं ठरलं, चुलीची खोली पाडायची. नणंद म्हणाली, "आईला मी नेते. तू सुटलीस गं!"

सून हसली खरी, पण दिवसभर तिचं लक्ष लागेना. संध्याकाळी भेटीची वेळ झाली. रोजच्यासारखी सासूबाईंची हाक आली, "कोण ॲडमिट आहे तुमचं? या, उन्हातून आलात, पाणी प्या." एक तरुणी घळाघळा रडत होती, तिला त्यांनी जवळ बसवून घेतलं. सून रस्त्यापलीकडून बघत राहिली. इतकी वर्षं तिला ती नुसती भोचक चौकशी वाटली होती.

ती तडक मोठ्या डॉक्टरांकडे गेली. "साहेब, उद्या भेटीच्या वेळी फाटकाशी उभं राहून बघा. मग काय ते पाडा."

डॉक्टर आले, बराच वेळ उभे राहिले. शेवटी म्हणाले, "मालट्रक मागच्या दारानं आणू. ही खोली नातेवाइकांना बसायला ठेवू. पण मग तुमचं बिऱ्हाड?"

"समोर तिघं राहू," सून म्हणाली. "आई कुठं जाणार नाहीत."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला, मग लगेच डाफरल्या, "तिघं एका खोलीत? डोकं फिरलंय हिचं!"

आठवड्याभरात चूल समोर गेली. रिकाम्या खोलीत दोघींनी मिळून बाक ओढला.

"भिंतीला नको गं, खिडकीशी घे," सासूबाई म्हणाल्या. "बसलेल्याला बाहेरचं दिसू दे."

सुनेनं बाक सरकवला. दारात एक आजोबा, हातात डबा, आत यावं की नाही अशा विचारात उभे होते.

"या ना आजोबा," या वेळी सूनच म्हणाली.