बंपरखाली

सासऱ्यांची गाडी तांबडी होती, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे आधी पाटावर बसल्यासारखं खाली जायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचे. सासूबाई तिला सवत म्हणायच्या आणि तसं म्हणताना हसायच्याही नाहीत. सासऱ्यांनी छापखान्यात जन्मभर यंत्रं दुरुस्त केली होती. निवृत्त झाल्यावर कुणाच्या तरी शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली ही गाडी त्यांना सापडली, आणि पुढची कितीतरी वर्षं ती जिवंत करण्यात गेली. इंजिनाचे भाग मिळाले, काचा मिळाल्या, सीट नव्याने शिवून घेतल्या. पुढचा बंपर मात्र कंपनीने बसवला होता तोच होता, फायबरचा, कुठेही तडा न गेलेला. तसा आता बनत नव्हता.

त्यामुळे सगळा जीव त्या बंपरात. त्याच्या तोंडावर आरपार दिसणारी फिल्म चिकटवलेली, खालच्या कडेला रबराची पट्टी. शिवाय सीटच्या मागे तासून उतरत्या केलेल्या दोन जाड फळ्या कायमच्या ठेवलेल्या. स्पीडब्रेकर आला की सासरे गाडी थांबवत, खाली उतरत, वाकून अंदाज घेत. जमण्यासारखं असलं तर गाडी तिरकी करून एकेक चाक चढवायचं, नसलं तर फळ्या टाकायच्या. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकत. ह्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नसे.

गाडीची किल्ली त्यांनी पोटच्या मुलालाही कधी दिली नव्हती. म्हणून खाडीपलीकडे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरायच्या आठवड्यातच ते न्हाणीघरात घसरले आणि उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं, तेव्हा घरात सगळे धरून चालले की ह्या वर्षीचं प्रदर्शन बुडालं. मुलगा कामासाठी परगावी होता. राहता राहिली सून. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. पहिल्यांदा स्टिअरिंग धरून घामाघूम झालेल्या माणसांच्या शेजारी बसून दिवस काढायचा, हे तिचं काम. सासरे-सुनेत भांडण कधी नव्हतं, पण मोकळेपणाही नव्हता. चहा झाला का, पेपर आला का, यापलीकडे बोलणं जात नसे.

शनिवारी संध्याकाळी सासऱ्यांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "सूनबाई, उद्या तुला सुट्टी असते ना?"

तिला कळायचं ते कळलं. ती हो म्हणाली.

सकाळी निघाले ते वेळेत. पुलावर काम चाललेलं होतं, म्हणून गाडी फेरीबोटीने न्यायची होती, आणि भरतीची वेळ सासऱ्यांनी नीट बघून ठेवली होती. भरतीला पाणी वर असलं की बोटीचा रॅम्प धक्क्याला जवळजवळ सपाट टेकतो, बुटकी गाडीही सहज चढते. पण वाटेत रस्ता खणून बुजवलेला, जागोजाग उंचवटे. दर उंचवट्याशी "थांब". दर उंचवट्याशी एका हाताने फळी ओढायची, टाकायची, वाकून बघायचं, पुन्हा उचलायची. सून उतरून मदत करायला गेली तर त्यांना ते आवडेना. तू ब्रेकवरचा पाय काढू नकोस, म्हणाले. दोनदा तिने सांगून पाहिलं की इथून फळीशिवायही निघेल, कडेने घेते. सासऱ्यांनी मान हलवली. बंपरला ओरखडा आला नाही, पण धक्क्यावर पोचेपर्यंत ओहोटी लागून बराच वेळ झाला होता.

धक्का म्हणजे पाण्यात उतरत गेलेला सिमेंटचा उतार. पाणी मागे सरलं होतं आणि उताराचा खालचा भाग उघडा पडला होता, शेवाळाने हिरवा, चकचकीत. बोट तिथे तोंड लावून उभी होती, इंजिन चालू ठेवून किनाऱ्याला रेटा देत. तिचा लोखंडी रॅम्प उतारावर टेकलेला, पण आता चांगलाच चढा. म्हणजे गाडीने आधी नाक खाली करून उतरायचं आणि लगेच नाक वर करून चढायचं. मधे खोबण. त्या खोबणीत बंपर सापडणार हे सुनेला लांबूनच दिसलं.

खलाशी पुढे आला, गाडीकडे आणि उताराकडे बघून त्याने सांगितलं की ही काही चढायची नाही, संध्याकाळी पाणी भरलं की या. पण प्रदर्शनाचं फाटक दुपारी बंद होणार होतं.

"बाबा, परत जाऊ या," सून म्हणाली. "पुढच्या वर्षी नेऊ."

"फळ्या आहेत ना," सासरे म्हणाले आणि दार उघडून बाहेरही पडले.

तिने तेव्हाच गाडी बंद करायला हवी होती, असं तिला नंतर कितीदा तरी वाटलं. पण परक्या माणसासमोर सासऱ्यांचा शब्द मोडायचा कसा, या संकोचात तो क्षण निघून गेला. आणि खरं सांगायचं तर आपल्याला हे जमेल, अशी थोडी खुमखुमीही होती.

सासऱ्यांनी खोबणीवर फळ्या टाकल्या, मागची टोकं उतारावर, पुढची रॅम्पच्या कडेवर. सुनेने गाडी इंचाइंचाने सोडली. चाकाखाली शेवाळ कसं लागतंय हे सीटमधून कळत होतं. साबणावर पाय ठेवल्यासारखं. पुढची चाकं फळ्यांवर आली. सासरे बंपरच्या कोपऱ्याशी गुडघ्यांवर बसले, खाली डोकावले, आणि गाडीतली रबराची चटई दुमडून डाव्या हाताने बंपर आणि रॅम्प यांच्यामधल्या फटीत सारू लागले. "ये... ये... थांब." ती थांबली. पायाने ब्रेक दाबलेला, हाताने हँडब्रेक ओढलेला. मागे भाजीचा एक टेम्पो येऊन उभा राहिला होता, पुढे बोटीवरची चार माणसं कठड्यावर रेलून गंमत बघत होती.

खाडीतून रेतीचा एक मोठा बार्ज गेला, जरा जवळूनच. सुनेने तो पाहिला, पण त्याचा आपल्याशी काही संबंध आहे हे तिच्या ध्यानात आलं नाही. बार्ज पुढे निघून गेल्यावर त्याची लाट आली. बोट उचलली गेली, एक धक्का खाऊन पुढे सरकली, आणि रॅम्प सिमेंटवर किंचाळत वर चढला. फळ्या करकरल्या. गाडीचं नाक किंचित उचललं जाऊन अडकलं.

सासरे ओरडले नाहीत. नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज आला. सुनेला काचेतून त्यांचं डोकं दिसत होतं. ते बंपरवर टेकलं होतं.

"बाबा?"

"काही नाही. हात अडकलाय. तू हलू नकोस."

खलाशी धावत आला, वाकला, आणि त्याचा चेहरा पाहून तिला काय ते समजलं. मनगटापर्यंतचा हात आत होता, वर बंपर, खाली लोखंड, मधे ती दुमडलेली चटई. तिने रिव्हर्स टाकला, हँडब्रेक उतरवला, क्लच अलगद सोडला. मागची चाकं शेवाळावर गरकन फिरली, आणि गाडी मागे जायच्या ऐवजी इंचभर पुढेच घसरली. आता मात्र सासऱ्यांच्या तोंडून आवाज निघाला. तो आवाज तिने कधीच ऐकला नव्हता. तिने गिअर काढून दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक पुन्हा ओढला.

बोटीवरून कुणीतरी ओरडलं की बोट मागे घ्या. खलाशाने जागेवरूनच त्याला गप्प केलं. बोट मागे गेली की फळ्या सुटणार आणि गाडी ह्यांच्या अंगावर येणार. जॅक आणला, तर तो खाली शिरेना. टेम्पोवाला दोर शोधायला गेला, पण दोर भाजीच्या पोत्यांखाली होता आणि पोती उतरवायला वेळ लागणार होता. दोघांनी बंपरला खालून हात घालून उचलायचा प्रयत्न केला. फायबर नुसतं वाकलं.

तेवढ्यात सुनेने खाडीकडे पाहिलं. पहिल्या बार्जच्या मागोमाग दुसरा येत होता, तेवढाच, त्याच वाटेने. हॉर्न वाजवून, हात हलवून काही होण्यातलं नव्हतं. तो थांबला असता तरी लाट थांबली नसती.

खलाशानेही तो पाहिला. तो बोटीवर गेला आणि पहार घेऊन आला. त्याने पहारेचं टोक बंपरच्या कोपऱ्याशी लावून बघितलं आणि सासऱ्यांना विचारलं, "तोडू का?"

"हात लावायचा नाही." सासऱ्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता, पण आवाज छापखान्यातल्यासारखा करडा. "पाणी खाली बसेल. हात आपोआप सुटेल. जरा धीर धरा."

खलाशाने पहार खाली घेतली. धन्याचा शब्द. तो बाजूला झाला नाही, पण पुढेही झाला नाही.

सुनेला उतरता येत नव्हतं. पाय ब्रेकवर खिळले होते, आणि ते निघाले की हँडब्रेक शेवाळावर किती धरणार, याचा तिला भरवसा नव्हता. बार्ज आता धक्क्याच्या बरोबर समोर आला होता. शिकाऊ माणूस समोर भिंत येत असताना गोठून बसला की ती जो आवाज काढायची, बारीक, सपाट, न चढवता, तोच आवाज तिच्या तोंडून आला.

"तोडा, दादा."

"सूनबाई, गाडी माझी आहे."

"गाडी तुमचीच आहे, बाबा. ब्रेकवर पाय माझा आहे. तोडा."

खलाशाने मग कुणाकडे पाहिलं नाही. पहिला घाव फिल्मवरून निसटला. दुसरा आत शिरला. त्याने पहारेवर सगळा भार टाकला आणि बंपर कडकडून फाटला, वाळकं लाकूड मोडावं तसा. कोपऱ्याचा तुकडा निखळून पाण्यात पडला. खलाशाने सासऱ्यांना काखेत धरून मागे खेचलं आणि दोघेही उतारावर बसकण मारून पडले.

लाट आली. रॅम्प पुन्हा किंचाळला आणि वर चढून थेट गाडीच्या चाकापाशी जाऊन धडकला, हात होता त्या जागेवरून. चटई आत चिरडून तिचा कागद झाला.

टेम्पोवाल्याने दोर लावला आणि गाडी मागे ओढून वर सपाटीवर आणली. बोट त्यांना सोडून निघून गेली. इंजिन बंद करून सून स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागली. थांबवू म्हटलं तरी थांबेना. सासरे खिडकीपाशी येऊन उभे राहिले. एक हात प्लास्टरमध्ये, दुसरा खलाशाच्या पंच्यात गुंडाळलेला. तिच्या डोक्यावर ठेवायला एकही हात मोकळा नव्हता. ते नुसते उभे राहिले, आणि मग म्हणाले, "दवाखाना कुठे आहे ते विचारायला हवं."

दवाखान्यात दोन बोटं मोडल्याचं निघालं, कातडी सोलवटली होती, पण पंजा वाचला होता. बाकावर बसल्यावर त्यांना तहान लागली. सुनेने ग्लास त्यांच्या ओठांना लावला. ते प्यायले, हनुवटीवरून ओघळलेलं तिने ओढणीने टिपलं. दोघांनाही अवघडल्यासारखं झालं.

"दुसरी लाट आली तेव्हा मी बघत होतो," सासरे म्हणाले. "रॅम्प कुठवर जातो ते."

तिने रिकामा ग्लास बाकाखाली ठेवला.

"तरी मला राग आलाय तुझा," ते म्हणाले. "तो इतक्यात जायचा नाही. सांगून ठेवतो."

"चालेल," ती म्हणाली.

आणि तो गेलाही नाही. कितीतरी दिवस ते मोडक्या बंपरपाशी खुर्ची टाकून बसत आणि सून दिसली की तोंड फिरवत. सासूबाई त्यांना घास भरवायच्या आणि भरवता भरवता दोघांनाही बोलून घ्यायच्या. त्यांना म्हणायच्या हात घालायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं, आणि हिला म्हणायच्या, तू किल्लीच का घेतलीस. मुलगा परगावाहून आल्यावर म्हणाला की फायबरचं काम करणारे असतात, देऊन टाकू. सासऱ्यांनी ते उडवून लावलं. परक्याच्या हातात ते देणार नव्हते, आणि स्वतःचे दोन्ही हात निकामी.

मग एका रविवारी सकाळी त्यांनी सुनेला अंगणात बोलावलं. पाण्यातून काढलेल्या कोपऱ्यासकट तुकडे जुळवून मांडलेले होते, साचा घ्यायचा होता. हे असं धर, ते तसं लाव, असं नाही, हवा राहते आत, पुन्हा काढ. तिला फायबरच्या कामातलं काही येत नव्हतं, आणि ते शिकवण्यात वाईट होते. एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायला लागलं की चिडत. तिने त्यांना सांगितलं की माझ्या वर्गात असं शिकवलं असतं तर एकही माणूस दुसऱ्या दिवशी आला नसता. मग त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, सावकाश, टप्प्याटप्प्याने.

पहिला बंपर वाकडा निघाला आणि फेकून द्यावा लागला. दुसऱ्यावर कानस मारताना बारीक पांढरी भुकटी उडत होती, दोघांच्या भुवयांवर, केसांवर बसत होती. सासरे तोंड वाकडंतिकडं करू लागले. सुनेला आधी वाटलं की काहीतरी चुकलं.

"काय झालं?"

"नाकाला खाज सुटलीय," ते म्हणाले. "जरा बघ."

तिने कानस खाली ठेवली, हात फडक्याला पुसले आणि त्यांचं नाक खाजवलं. डावीकडे, म्हणाले. तिने डावीकडे खाजवलं. मग दोघं पुन्हा कामाला लागले, कारण ऊन सरायच्या आत ती कड गुळगुळीत करायची होती.