ऐंशी डॉलरची डावखुरी रायफल

मी एक जुनी रायफल आहे, हरणांच्या शिकारीची. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू सगळ्यांना क्षमा करतात असं तुम्हाला वाटत असेल, तर आधीच सांगते. लाइल केटरिंगला मी क्षमा केलेली नाही.

कारखान्यातून मी पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात आले, ऑरिन नावाच्या लाकूडतोड्याकडे. ऑरिन डावखुरा होता. माझ्या चापामागे सुरक्षेची एक कळ आहे, ती दाबल्याशिवाय गोळी सुटत नाही. कारखान्यात ती उजव्या हातासाठी बसवतात. ऑरिनने ती उलट्या बाजूने बसवून घेतली, गावातल्या लाइलच्या बंदुकांच्या दुकानात. लाइलने ते काम स्वतःच्या हाताने केलं. हे नीट लक्षात ठेवा.

पुढची सव्वीस वर्षं सुखाची गेली. ऑरिन मला तेल लावायचा, जुन्या फ्लॅनेलच्या सदऱ्याने पुसायचा. त्याची मुलगी मार्लिस, तीही डावखुरी निघाली. "ही पुढे तुझी," असं तो तिला म्हणायचा, तेव्हा मला कोण आनंद व्हायचा!

गेल्या उन्हाळ्यात ऑरिन वारला. मार्लिस नोकरीसाठी लांब होती. मला तिच्या हाती देण्याआधी एकदा तपासून घ्यावं, म्हणून ऑरिनची बायको व्हर्ना मला लाइलकडे घेऊन गेली. त्याने कळ दाबली आणि चुकचुकला.

"व्हर्ना, ही कळ उलटी चालतेय गं. पार बिघडलीय. पोरीच्या हातात देऊ नकोस, जिवावर बेतेल."

"दुरुस्त नाही का व्हायची?"

"भंगार आहे हे. ऑरिन माझा दोस्त, म्हणून ऐंशी डॉलर देतो. दुसरा कुणी फुकटसुद्धा घेणार नाही."

बिचारी पोरीच्या काळजीने घाबरली आणि मला तिथेच ठेवून डोळे पुसत गेली. दुसऱ्या दिवशी लाइलने मला भिंतीवर टांगलं. चिठ्ठीवर किंमत होती साडेसहाशे. तेव्हापासून मी नुसती धुमसत होते. मला तोंड असतं तर मी त्या दुकानाचं छप्पर उडवलं असतं.

शिकारीचा मोसम सोमवारी सुरू होणार होता. आदल्या शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. फुकटची कॉफी पीत सगळे भाव पाडत होते. लाइल मला एका गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारत होता.

"सहाशेच्या खाली एक डॉलर नाही! डावखुऱ्यांची कळ आहे ही, जिल्ह्यात दुसरी दाखव. अरे, मी स्वतः बसवलीय!"

गिऱ्हाइकाच्या मागेच व्हर्ना उभी होती. सुट्टीवर आलेल्या मार्लिसबरोबर ती काडतुसं घ्यायला आली होती.

"तू बसवलीस?" व्हर्ना म्हणाली. "मग मला बिघडलीय म्हणून कशाला सांगितलंस?"

लाइल हसायला गेला, पण त्याला हसू येईना.

"अगं, धंद्यात बोलावं लागतं असं. चल, तुला चारशेला देतो."

"भंगाराचे चारशे?"

"बरं, दोनशे."

"जिवावर बेतणारी वस्तू दोनशेला विकतोस, लाइल?"

कोपऱ्यातून एक म्हातारा ओरडला, "माझ्या बापाच्या बंदुकीची नळी गंजलीय म्हणाला होतास. तीही भिंतीवर आहे का रे?" सगळ्या माना भिंतीकडे वळल्या.

"ऐंशी!" लाइल घाईघाईने म्हणाला. "ऐंशीला घेऊन जा, व्हर्ना. पण मलाही पोट आहे गं."

"मग हे घे पंच्याऐंशी. वरचे पाच तुझ्या पोटाला."

मार्लिसने बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म भरला, फोनवरून तिच्या नावाची पोलिसी चौकशी झाली, आणि तिने मला खांद्याला लावलं. तिच्या डाव्या हाताचं बोट बरोबर कळेवर गेलं. आम्ही बाहेर पडलो तेव्हा गिऱ्हाइकं हातातल्या बंदुका काउंटरवर ठेवून निघत होती. लाइलचा तो चेहरा आठवला की मला अजून तेल लावल्यासारखं वाटतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसा, जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढंच सांगते. तुमची वस्तू विकत घेताना कुणी तिला नावं ठेवली, तर त्यातला शब्द न् शब्द पाठ करून ठेवा. आणि तोच माणूस ती विकायला बसला की, भर दुकानात मोठ्याने म्हणून दाखवा.